शेतात सोनं पुरा म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती

आबांचा_नातू
परवा इथं एकानं लिहिलं की सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय, लॉकरचा भरवसा नाही, म्हणून मी सगळं पीव्हीसी पाइपात घातलं, दोन्ही टोकांना कॅप चिकटवल्या, शेतात तीन फूट खाली पुरलं आणि आता निवांत झोपतो. खाली लोकांनी वा वा केली. मला काही राहवेना, म्हणून लिहितोय.

आमच्या आबांनी हेच केलं होतं. १९६३ ला सोनं नियंत्रणाचे नियम आले, १९६८ ला कायदाच झाला, लगड घरात ठेवायची सोय राहिली नाही. आबांनी दोन लगडी आणि आजीच्या पाटल्या तांब्याच्या गडूत घातल्या, तोंड राळेनं बुजवलं आणि रानात पुरून टाकलं. कुठं ते त्यांनाच ठाऊक. १९७८ ला अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. अठरा दिवस अंथरुणावर होते. वडील कानाशी तोंड नेऊन विचारायचे, आबा, कुठं? आबा डावा हात घोंगडीवर फिरवून एक रेघ ओढायचे आणि मग दोन बोटं वर करायचे. आता दोन म्हणजे काय? दुसरा लिंब, दोन हात खोल, का नुसतंच दोन लगडी? चुलते अजून दिवाळीला जमले की याच्यावरून भांडतात. बारा एकर काळं रान, पाच उन्हाळे उकरलं, नंतर सपाटीकरण झालं, ज्या लिंबावर सगळ्यांचा डोळा होता तो पण गेला. आजी शेवटपर्यंत काचेच्या बांगड्यांवर राहिली.

पुरायचं डोक्यात असेल तर काढून टाका. माती सोनं खात नाही, माणूस जातो.

रानवारा
ती पोस्ट माझीच. तुमच्या आबांचं वाईट वाटलं, पण त्यात पुरण्याचा काय दोष? त्यांनी कुणाला सांगितलं नाही हा दोष.

आता लॉकरचं ऐका. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आग लागली, चोरी झाली, बँकेच्याच माणसानं फसवलं तर बँक जास्तीत जास्त वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट देणार. माझं भाडं २००० होतं, म्हणजे २ लाख. दोन तोळे पण येत नाहीत त्यात! आणि पूर, भूकंप असलं काही झालं तर बँक जबाबदार नाही. २०१९ च्या पुरात आमच्या बँकेची शाखा पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर बायकोला घेऊन गेलो, लॉकर उघडला तर आधी गाळ बाहेर आला, मग मखमलीच्या डब्या, हात लावला की लगदा होत होता. सोनं मिळालं, पण त्याच लॉकरमधी घराचं खरेदीखत होतं, त्याचा नुसता गोळा. त्या दिवशी ठरवलं की आपलं ते आपल्या जमिनीत.

सराफकट्टा
दोघांनाही धंद्यातलं सांगतो. लगड किंवा वेढणी पुरली तर शंभर वर्षांनी पण तशीच निघेल. एक किलो सोनं म्हणजे सव्वादोन काडेपेट्यांएवढा तुकडा, त्याला पाइप कशाला. पण लोक लगड नाही पुरत, दागिने पुरतात. बोरमाळेचे मणी आतून लाखेनं भरलेले असतात, पत्रा पातळ, एकदा ओल शिरली की मणी चेपतात. नथीचे, तन्मण्याचे मोती ओलीत मरतात, त्यांचं पाणी जातं ते परत येत नाही. चांदी तर पुरूच नका, काळी पडते ते ठीक, पण खारवट जमिनीत आतून पोखरते. माझ्याकडे एकानं परसात पुरलेला चांदीचा करंडा आणला होता, झाकण उचललं तर काठ हातात तुटून आला, बिस्किटासारखा.

पीव्हीसीला सोल्युशन नीट लावलं तर पाणी शिरत नाही हे मान्य. पण पॅक करताना आत जी हवा राहते तिच्यातली ओल कुठं जाणार? पावसाळ्यात पॅक केलंत का उन्हाळ्यात?

रानवारा
ऑगस्टमधी.

सराफकट्टा
मग उघडून बघा एकदा.

तास_दोन_तास
खूण म्हणून बांध धरला असेल तर विसरा. आमचा शेजारी दर नांगरटीला एक तास आत येतो, वीस वर्षं झाली, बांध आता पुरता माझ्या रानात आलाय. मोजणीचे पैसे भरले, माणूस आला, दगड रोवले, पुढच्या सुगीला दगड गायब. भावकी आहे म्हणून गप्प बसा म्हणतात. का म्हणून गप्प बसायचं? बापानं घाम गाळून राखलेली जमीन आहे ती. तिथं उद्या काही पुरलं तर ते कुणाच्या रानात निघेल सांगा!

किल्लारीकडचा
मी रानवारांच्या बाजूनं एक सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते. आमची घरं दगडमातीची, वर मातीचं जाड धाबं, चार वाजायच्या आतच सगळं बसलं. ज्यांचं किडुकमिडुक भिंतीतल्या कोनाड्यात होतं त्यांचं ढिगाऱ्यात गेलं, कुणी उपसलं कुणास ठाऊक. माझ्या मायनं मात्र सरी आणि पोत गोठ्यात दावणीच्या दगडाखाली ठेवली होती. पंधरा दिवसांनी मामानं जाऊन काढली. माय नव्हती. पण जागा मावशीला माहीत होती म्हणून मिळाली.

माहेरवाशीण
इथंच थांबा सगळे. मावशीला माहीत होती म्हणून मिळाली, हे कुणी नीट वाचलं का? आबांचा_नातू, तुम्ही एवढं लिहिलंत, पण पाटल्या आजीच्या होत्या ना? तिच्या पाटल्या तिला न सांगता पुरल्या, आणि मरताना पण मुलानं विचारलं, बापानं मुलाला खुणा केल्या. आजीला कुणी पुढं बसवलं होतं का? आमच्याकडे सासऱ्यांनी असंच माझं लग्नातलं नऊ तोळे "सुरक्षित ठेवतो" म्हणून घेतलं, कुठं ठेवलं विचारलं की म्हणायचे तुला काय करायचंय. अकरा वर्षं झाली. स्त्रीधन हे बाईचं स्वतःचं, सुप्रीम कोर्टानं १९८५ लाच सांगितलंय.

रानवारा
विषय कुठं नेताय? सुरक्षिततेचं चाललंय. आणि जितक्यांना सांगाल तितका धोका, बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे जुन्या लोकांनी उगीच नाही म्हटलं.

माहेरवाशीण
तीळ कुणाच्या तोंडात भिजला नाही? शेतात सोनं पुरलंय, तीन फूट खाली, पाइपात, हे हजार अनोळखी लोकांसमोर कुणी लिहिलं? तुमच्या बायकोनं?

तास_दोन_तास
ताई बरोबर बोलल्या. माझ्या आईला अजून सातबाऱ्यावर नाव लावून घेतलं नाही भावकीनं.

आबांचा_नातू
ताई, तुमचं वाचून काल आईला फोन केला. ती म्हणाली आजी त्या अठरा दिवसांत उंबऱ्याच्या आत बसून असायची, आणि एकदाच म्हणाली होती की रेघ म्हणजे पाट असंल, ते पाटाच्या पाण्यावर जायचे तेव्हा गडू नेलावता. कुणी लक्ष दिलं नाही. सगळे लिंबाखाली खणत होते. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी मला हे पहिल्यांदा कळतंय. मी धागा काढताना आजीबद्दल एकच वाक्य लिहिलं, ते चुकलं माझं.

कचेरीतला
आता पाट खणणार असाल तर एक लक्षात ठेवा. निखात निधीचा कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे, जमिनीत दहा रुपयांच्या वरचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांच्या आत आपल्याच माणसानं पुरलंय असा दावा करता येतो, पण तो दिवाणी कोर्टात सिद्ध करायचा. पावती, फोटो, चिठ्ठी काही नसेल तर कसं करणार? रानवारा, तुमच्या नातवाचं पण हेच होणार. आणि इन्कम टॅक्सच्या भीतीनं पुरत असाल तर १९९४ पासूनच्या सूचना आहेत, झडतीत लग्न झालेल्या बाईचे ५०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. लगडीला ती सवलत नाही.

रानवारा
टॅक्सचा प्रश्नच नाही, सगळ्याच्या पावत्या आहेत. लॉकर मी परत घेणार नाही, ते गाळानं भरलेलं खोकं डोळ्यासमोरून जात नाही. पण पोस्ट टाकायला नको होती, हे मान्य, ती काढून टाकतोय. पाइप उद्या उकरतो आणि जागा बदलतो. आणि तिळाचं बोललो ते मागं घेतो. बायकोला बरोबर नेतो.

माहेरवाशीण
न्या. आणि झाड, बांध असली खूण धरू नका. विहिरीच्या कठड्यापासून किती फूट, कुठल्या दिशेला, तिच्या हातानं टेप धरून मोजा आणि तिच्याच हातानं लिहून ठेवा.

सराफकट्टा
नथ असेल त्यात तर वेगळी काढा आधी.