डायनरला मराठीत काय म्हणाल?

निशाचर: एका अमेरिकन कथेचा अनुवाद करतेय. ट्रक ड्रायव्हर रात्री दोनला हायवेवरच्या डायनरमध्ये शिरतो, काउंटरपुढच्या गोल स्टुलावर बसतो आणि वेट्रेस न विचारताच कॉफी ओतते. मी 'धाबा' लिहिलं. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, मग बाज कुठंय? तेव्हापासून अडलेय. खाणावळ, उपहारगृह, टपरी, काहीच बसत नाहीये.

जर्सीकर: धाबा नकोच. न्यू जर्सीत डायनर म्हणजे चकचकीत पत्र्याचा लांबुळका डबा, पूर्वी ते कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवायचे. मालक बहुतेक ग्रीक, मेनूकार्ड पंचांगाएवढं, आणि पहाटे तीनलाही ऑम्लेट मिळायचं. नवीन आलो तेव्हा रात्रपाळी सुटली की मी तिथल्या एका डायनरमध्ये ग्रिल्ड चीज सँडविच खायचो, ते चीज कडेने तव्यावर सांडून कुरकुरीत व्हायचं ना, त्यासाठी. गेल्या वर्षी पाडलं ते, आता बँक आहे तिथे.

ऱ्हस्वदीर्घ: आधी 'उपाहारगृह' लिहा. उप + आहार. उपहार म्हणजे भेटवस्तू.

निशाचर: बरं, सुधारते. पण प्रश्न तो नव्हता हो.

गाडीवाला: डायनर हा शब्द डायनिंग कारवरून, म्हणजे आगगाडीतल्या जेवणाच्या डब्यावरून आलाय. आणि त्याआधी होती घोडागाडी! १८७२ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट (कादंबरीवाला नव्हे) रात्री गाडीवर सँडविच विकायचा, गिऱ्हाईक म्हणजे वर्तमानपत्रातले रात्रपाळीवाले. आपणही 'गाडीवर खाल्लं' म्हणतोच की. मग 'गाडी'च लिहा!

ऱ्हस्वदीर्घ: 'भोजनयान' कसं वाटतं?

गाडीवाला: इस्रोने सोडल्यासारखं.

जर्सीकर: शुद्धलेखनवाल्यांसाठी एक गोष्ट. न्यू जर्सीतल्या हॅकन्सॅकला 'व्हाइट मॅना' म्हणून बर्गरची चिमुकली जागा आहे, १९४६ पासून. तव्यावर खिम्याच्या गोळ्यावर कांदा दाबून भाजतात, घरी आलं तरी शर्टाला वास. जर्सी सिटीत त्याचं भावंड आहे, पाटी रंगवताना त्याच्या नावातला एक 'एन' गळला तो गळलाच. कोणी उपाशी राहिलं नाही. निशाचर, राहू द्या तुमचं उपहारगृह.

ऱ्हस्वदीर्घ: म्हणजे चुकलं की तीच रूढी?

माहेरवाशीण: मग बर्गरचं काय! मूळ शब्द हॅम्बुर्ग शहरावरून, लोकांनी हॅम + बर्गर असा भलताच विग्रह केला आणि त्यातून चीजबर्गर निघाला. आमचे एक काका अमेरिकेत आले तेव्हा डुकराचं नको म्हणून हॅम्बर्गर सोडून त्यांनी चीजबर्गर मागवला, चीजच असेल समजून. चवीने खाल्ला. अजून कोणी सांगितलं नाहीये त्यांना.

निशाचर: 😂 तूर्त डायनरच ठेवते, पहिल्यांदा येईल तिथे 'रात्रभर उघडं असणारं हॉटेल' असं घालते. पण ती कॉफी? पैसे एकदाच, पुन्हा पुन्हा भरून देतात, त्याला काय म्हणू?

तर्रीबाज: सॅम्पल! मिसळीबरोबर जादा रस्सा मागतो तसं.

गाडीवाला: सॅम्पल पुण्यात. कोल्हापुरात कट म्हणतात.

तर्रीबाज: कट वेगळा, सॅम्पल वेगळं. कट म्हणजे वरची लाल तर्री.

ऱ्हस्वदीर्घ: तर्री हा शब्द मुळात 'तरी' आहे.