मदत हवी आहे: मी सन, ह्युए की बा ना हिल्स? (व्हिएतनाम, लवकर सांगा)

अक्षता_प
नमस्कार. व्हिएतनामची ट्रिप ठरली आहे, विमान-हॉटेल सगळं झालंय. मध्ये एक दिवस पूर्ण मोकळा आहे. त्यासाठी एजंट तीन ठिकाणांचा पर्याय देतोय: मी सन (जुनी शिवमंदिरं), ह्युए (जुनी राजधानी) किंवा बा ना हिल्स (केबल कारचा डोंगर). पैसे साधारण सारखेच. उद्या संध्याकाळपर्यंत कळवलं नाही तर तो स्वतःच्या मनाने बा ना टाकणार आहे. आम्हाला तिथली संस्कृती, जुन्या वास्तू, निसर्ग असं बघायचंय. जाऊन आलेल्यांनी प्लीज एकच नाव सांगा. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय, सगळ्यांना सगळंच 'अप्रतिम' वाटतं.

पोहेवाला
बा ना. डोळे झाकून. पाच किलोमीटरहून लांब केबल कार, खाली जंगल, वर तो दोन हातांनी उचलून धरलेला गोल्डन ब्रिज. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचा तोच दिवस बेस्ट गेला. बुफे पण मस्त.

टिळकरोडकर
त्यांनी संस्कृती आणि जुन्या वास्तू असं लिहिलंय. तो पूल २०१८ चा आहे, आमच्या सोसायटीची लिफ्ट त्याहून जुनी. आणि वर काय, तर नकली फ्रेंच गाव. तिकीट नऊ-दहा लाख डोंग, म्हणजे माणशी तीन हजारांच्या वर रुपये. त्यापेक्षा लोणावळ्याला जाऊन चिक्की खा.

पोहेवाला
तुम्ही गेला आहात का?

टिळकरोडकर
गेलोय म्हणूनच सांगतोय. धुक्यात पुलावरून स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता, ते दोन दगडी हात तर सोडाच.

सायलीची_आई
अक्षता, मुक्काम दा नांगला की होई आनला? किती जण? बरोबर लहान किंवा वयस्कर कोणी? आणि महिना कोणता?

अक्षता_प
मुक्काम दा नांग. चौघं आहोत. महिन्याचा काय संबंध? तिन्ही ठिकाणं वर्षभर चालू असतात, एजंटने सांगितलंय.

व्हिसावाले_काका
ई-व्हिसा काढला का? एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. अर्ज त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरूनच करा, तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट उकळतात. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच भरा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळलं तर विमानतळावर अडवतात.

अक्षता_प
काका, व्हिसा झालाय. ते विचारलंच नव्हतं.

हनोईकर
नोकरीनिमित्त इथेच राहतो म्हणून लिहितो. महिन्याचाच संबंध आहे. दा नांग, होई आन, ह्युए हा मधला पट्टा आहे, त्याचा पावसाळा उरलेल्या देशाच्या पावसाळ्याशी जुळत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात वाईट. ईशान्येचे वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात आणि ट्रुओंग सोनच्या डोंगरांना धडकतात. सह्याद्रीमुळे कोकण झोडपलं जातं तसंच, फक्त इथे दिशा उलटी आणि त्यावर वादळांची भर. त्याच दिवसांत हनोईला स्वच्छ ऊन असतं. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत येत नाही आहात ना?

अक्षता_प
दिवाळीचीच सुट्टी. नोव्हेंबरचा पहिला आठवडा.

सायलीची_आई
अगं बाई.

हनोईकर
बरं. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस ह्युए आणि होई आन दोन्ही पाण्याखाली होती, जुन्या गावातल्या गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या. दरवर्षी इतकं होत नाही, पण थोडंफार पाणी होई आनला नवीन नाही. तिथल्या जुन्या घरांत भिंतीवर कुठल्या वर्षी पूर कुठवर आला त्याच्या खुणा करून ठेवल्यात. माळ्याच्या फळ्यांत चौकोनी झडप असते, पाणी चढायला लागलं की सामान दोराने त्यातून वर ओढतात. तिकीट बदलून उत्तरेकडचं हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग करता येणार असेल तर तेच करा.

अक्षता_प
तिकीट बदलता येत नाही. मी देश बदलायला निघालेली नाही, एका दिवसाचा प्रश्न आहे.

रेल्वेवेडा
मग ह्युए, आणि तेही रेल्वेने! दा नांग ते ह्युए अडीच-तीन तास. गाडी हाय व्हान घाटाला समुद्राच्या कडेकडेने वळसा घालते. जाताना उजवीकडची खिडकी पकडा. टूरच्या बस बहुधा बोगद्यातून जातात, म्हणजे सहा किलोमीटर अंधार बघायला पैसे भरायचे. ह्युए म्हणजे न्गुएन घराण्याची राजधानी, १८०२ ते १९४५. नगरकोट, खंदक, हुओंग नदी, थिएन मू पॅगोडाचा सात मजली मनोरा. त्या पॅगोडाच्या आवारात एक निळी ऑस्टिन मोटार ठेवली आहे. १९६३ साली भिक्खू थिक क्वांग डुक त्याच मोटारीतून सायगॉनच्या चौकात आले आणि त्यांनी आत्मदहन केलं. तिच्यापुढे उभं राहिलं की बोलणं सुचत नाही. राजवाड्याचा बराच भाग १९६८ च्या लढाईत गेला, पण मुख्य दरबार दुरुस्त होऊन २०२४ मध्ये पुन्हा उघडलाय. माझं मत शंभर टक्के ह्युए.

हनोईकर
रेल्वेचा रस्ता सुंदर आहे यात वाद नाही. पण नोव्हेंबरमध्ये त्याच हाय व्हानच्या उतारावर दरड येते आणि गाड्या थांबतात. हाताशी एकच दिवस असेल तर मी त्यावर भरवसा ठेवणार नाही.

रेल्वेवेडा
दरड कोकण रेल्वेवरही येते. म्हणून आपण गणपतीला गावी जात नाही का?

हनोईकर
जातो की. पण तिथे गाडी अडकली तर पोहोचल्यावर गणपती पाच दिवस असतो. यांच्याकडे एकच दिवस आहे.

गडवाट
व्हिएतनामला निघालाच आहात तर एक माहीत असू द्या. छोट्याशा व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते छत्रपती शिवाजी महाराजांचा गनिमी कावा अभ्यासून. त्यांचे मंत्री रायगडावर येऊन समाधीची माती घेऊन गेले होते. आपल्या शाळांत हे शिकवत नाहीत. 🚩

टिळकरोडकर
हा फॉरवर्ड दर सहा महिन्यांनी येतो. कोणते मंत्री, कोणतं साल, कुठल्या कागदात नोंद? व्हॉट्सअ‍ॅप सोडून एक पुरावा द्या.

गडवाट
पुरावे मागणाऱ्यांना महाराज कधी कळणार नाहीत.

टिळकरोडकर
महाराजांचं मोठेपण ठरवायला व्हिएतनामची पावती कशाला हवी? आणि त्यांच्याकडे त्यांचा इतिहास आहे. १२८८ साली त्रान हुंग दाओने बाख दांग नदीच्या तळात अणकुचीदार लाकडी खुंटे रोवले, ओहोटी लागल्यावर मंगोलांची जहाजं त्यात अडकवली आणि आरमार बुडवलं. त्याचे पुतळे त्या देशात गावोगाव आहेत. तेही सांगा की तुमच्या ग्रुपवर.

चकली
दोघांनी वेगळा धागा काढा प्लीज. अक्षता, मी सनला जा. आम्ही होई आनहून पहाटे निघून गेलो होतो, सहाला उघडतं. इतक्या सकाळी बस नसतात, आम्ही आणि झाडणाऱ्या बायका एवढेच. चारी बाजूंनी डोंगर, मधल्या दरीत लाल विटांची शिवमंदिरं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने भद्रेश्वराचं पहिलं देऊळ तिथे बांधलं आणि पुढे काही शतकं चंपाचे, म्हणजे तिथल्या चाम लोकांच्या जुन्या हिंदू राज्याचे, राजे भर घालत राहिले. विटांच्या सांध्यात चुना-माती काही दिसतच नाही, नखसुद्धा जात नाही. नक्षी आधी साच्यात घातलेली नाही, भिंत उभी झाल्यावर विटेतच कोरलेली आहे. संस्कृत शिलालेख तर उघड्यावर उभे आहेत. 'श्री' वाटणारं एक अक्षर माझ्या नवऱ्याने शोधलं आणि दिवसभर तेच सांगत होता.

पोहेवाला
पण तिथे आहे काय? अर्ध्याहून जास्त पडलेलं आहे.

चकली
पडलेलं नाही, पाडलेलं. १९६९ मध्ये अमेरिकेच्या बॉम्बहल्ल्यात सगळ्यात उंच, २४ मीटरचा मनोरा गेला. बॉम्बचे खड्डे अजून आहेत, आता त्यात गवत वाढलंय. देवळांचे अक्षरांनी गट पाडलेत, त्यातल्या ब आणि क गटांतली देवळं बऱ्यापैकी शाबूत आहेत. ब गटातल्या पहिल्या देवळाचं (बी-१) मात्र फक्त जोतं उरलंय, त्यावर उघड्या आभाळाखाली लिंग. नंतर काझिमिएझ क्वियात्कोव्हस्की नावाच्या पोलिश वास्तुतज्ज्ञाने बरंच सावरलं आणि अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे काम करत होती. २०२० मध्ये त्यांनाच नवव्या शतकातलं एकसंध वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं.

सायलीची_आई
चौघांत कोण कोण, ते अजून सांगितलं नाहीस.

अक्षता_प
मी, नवरा, मुलगा नऊ वर्षांचा आणि माझी आई, वय एकाहत्तर. तिचे गुडघे दुखतात पण ती 'मी करते मॅनेज' म्हणते. शुद्ध शाकाहारी, मासळीचा वासही चालत नाही. आता तरी एक नाव सांगाल का कोणी? एजंटचा दोनदा फोन येऊन गेला.

सायलीची_आई
हे आधी हवं होतं गं. ह्युएच्या टूरमध्ये खाय दिन्ह राजाची कबर असतेच, तिथे सव्वाशेच्या वर पायऱ्या आहेत. माझ्या सासूबाई खाली बसून राहिल्या आणि आम्ही वर जाऊन अपराध्यासारखं फिरून आलो. नगरकोट सपाट आहे पण चालणं संपत नाही. मी सनला फाटकापासून देवळांजवळपर्यंत विजेची गाडी नेते. पुढचं चालणंही झाडांच्या सावलीतलं, थांबत थांबत होतं.

मेतकूट_भात
आईंसाठी थेपले, मेतकूट, भाजणी न्या. तिथे भाजीतसुद्धा मासळीचं पाणी घालतात.

हनोईकर
मेतकूट न्याच, पण उपाशी राहायची वेळ येणार नाही. 'चाय' अशी पाटी असलेलं खानावळवजा दुकान शोधा. Chay असं लिहिलेलं असतं. बौद्ध शाकाहारी जेवण, त्यात नूओक माम, म्हणजे ते मासळीचं पाणीसुद्धा नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. साध्या हॉटेलात 'नो मीट' म्हणून भागत नाही, मासळी त्यांच्या हिशोबात मांस नसते. कांदा-लसणाचं मात्र वेगळं विचारा.

पोहेवाला
नऊ वर्षांच्या मुलाला पडक्या विटा दाखवून काय मिळणार? बा ना ला खेळ आहेत. मी परत एकदा सांगतो.

अक्षता_प
मुलाला मोबाईल सोडून काहीही दाखवा, तोंड वाकडंच असतं. त्याचा विचार करत नाहीये.

हनोईकर
मग माझं सरळ मत: मी सन. बा ना सुमारे चौदाशे मीटरवर आहे, नोव्हेंबरमध्ये वर ढग असण्याची शक्यता जास्त आणि पैसे परत मिळत नाहीत. एजंटला तीन गोष्टी लिहून पाठवा. एक, बस नको, चौघांना गाडी हवी, सकाळी सहाच्या आत निघायचं. दा नांगहून दीड तासाच्या आसपास लागतो. दोन, परतताना होई आनला थांबा, पाणी नसेल तर. तीन, हवामान खात्याचा इशारा आला तर काय, पैसे परत की दिवस बदलून, हे आत्ताच कबूल करून घ्या. आणि अगदीच धो-धो असेल तर दा नांगमध्येच चाम शिल्पांचं संग्रहालय आहे, १९१९ पासूनचं. मी सनमधली उत्तम शिल्पं तिथेच आहेत. छताखाली आहे आणि आईंना बसायलाही मिळेल.

रेल्वेवेडा
संग्रहालयापर्यंत ठीक. पण जाऊन आल्यावर हाय व्हान न बघितल्याचं वाईट वाटेल, लिहून ठेवा.

टिळकरोडकर
मी सनला अनुमोदन. तिथे अप्सरा नृत्याचा छोटा कार्यक्रम असतो, तो पर्यटकांसाठी बसवलेला आहे. त्याला फार पुरातन समजू नका, पण ढोल आणि सारानाई जरूर ऐका. सनईची मावसबहीण शोभते.

व्हिसावाले_काका
प्रिंटआउट दोन प्रती ठेवा. मोबाईलची बॅटरी गेली तर पंचाईत होते.

अक्षता_प
एजंटशी बोलले. गाडी द्यायला तयार आहे, थोडे जास्त घेतोय. दिवस बदलून देणार नाही म्हणतो, पण इशारा आला तर निम्मे पैसे परत, असं मेसेजवर लिहून घेतलं. मी सन कळवून टाकलं. सगळ्यांचे आभार, विशेषतः हनोईकर आणि चकली. आता आई विचारतेय की तिथल्या लिंगावर पाणी किंवा बेल वाहता येतो का? ती इथून बेल न्यायचं म्हणतेय.

चकली
विमानातून बेल? तिकडच्या कस्टम्सवाल्यांनी पानं काढून घेतली तर? नुसता नमस्कार करू दे.

हनोईकर
बेल राहू द्या. मी सन हे जपलेलं स्मारक आहे, तिथे नित्य पूजा होत नाही आणि शिल्पांना हात लावलेला रखवालदारांना चालत नाही. हात जोडायला कोणी अडवत नाही. पूजा चालू असलेली चाम देवळं इथून बरीच दक्षिणेला आहेत. न्या ट्रांगचं पो नगर, तिथल्या देवीला आता व्हिएतनामी लोकही आपली मानून उदबत्ती लावतात. आणि फान रांगजवळचं पो क्लोंग गराय, तिथे हिंदू चाम लोकांचा काते सण असतो, साधारण ऑक्टोबरात. या ट्रिपमध्ये ते बसणार नाही. आईंना रबरी तळाचे बूट घालायला सांगा. पावसात विटांवर शेवाळं असतं, पाय सरकतो.