नवी साथ, जुनी लस : बीसीजीची कुपी पुन्हा उघडायची का? (चर्चेचा धागा; प्रत्येक मतावर सदस्याचं टोपणनाव आहे)

दंडावरचा व्रण

कोविडच्या विषाणूची जनुकीय क्रमवारी जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर झाली. आपल्याकडे लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. लसनिर्मितीच्या इतिहासात हा वेग अपूर्व होता, तरीही मधे वर्ष गेलं. त्या वर्षात वॉर्डात उभं राहणाऱ्या परिचारिकेला आणि वॉर्डबॉयला मास्कपलीकडे काय द्यायचं, हा माझा प्रश्न आहे.

पुढच्या साथीत पहिल्या आठवड्यापासून बीसीजी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बीसीजी क्षयाची लस आहे हे मान्य, पण ती तेवढ्यावर थांबत नाही. तिचा परिणाम अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपर्यंत पोचतो. तिथून तयार होणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींत, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांवरच्या रासायनिक खुणा बदलतात. मग दुसराच जंतू आला तरी या पेशी लवकर आणि जोरात प्रतिसाद देतात. नेदरलँड्समधल्या मिहाई नेटेआ यांच्या गटाने याला ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ म्हटलं. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना आधी बीसीजी आणि महिन्याने पीतज्वराची लस, म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू, टोचला. बीसीजी घेतलेल्यांच्या रक्तात तो विषाणू कमी सापडला (२०१८). ग्रीसमध्ये रुग्णालयातून घरी जाणाऱ्या १९८ वृद्धांवर चाचणी झाली. तिच्या २०२० मधल्या अंतरिम निकालात नवा संसर्ग लसीऐवजी नुसतं सलाइन टोचलेल्या गटात ४२.३ टक्क्यांना, तर बीसीजी गटात २५ टक्क्यांना झाला. लस स्वस्त आहे, भारतात बनते आणि तिचे दुष्परिणाम आपल्याला पाठ आहेत. मग थांबायचं कशासाठी?

आकडेतपासणी

पूर्ण असहमत. २०२० च्या एप्रिलमध्ये हीच आशा जगभर पसरली होती. तेव्हाचा पुरावा असा : बीसीजी देणाऱ्या देशांत मृत्यू कमी, न देणाऱ्या इटली-अमेरिकेत जास्त. पुढे ब्राझीलमध्ये काय झालं आणि आपल्या २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही देशांत जन्मल्याबरोबर बीसीजी देतात.

देशांची तुलना सोडा, एकाच देशातली बघू. इस्राएलने १९८२ मध्ये सार्वत्रिक बीसीजी बंद केली. तिथे १९७९-८१ मध्ये जन्मलेल्यांच्या कोविड चाचण्या ११.७ टक्के पॉझिटिव्ह आल्या, १९८३-८५ मध्ये जन्मलेल्यांच्या १०.४ टक्के. फरक नाहीच. म्हणजे बाळपणीच्या टोच्याचा उपयोग शून्य.

तुम्ही म्हणाल, ताजी लस द्या. तेही करून झालं. ऑस्ट्रेलियातून चालवलेल्या ‘ब्रेस’ चाचणीत पाच देशांतले आरोग्य कर्मचारी होते आणि मुख्य विश्लेषण ३,३८६ जणांचं होतं. सहा महिन्यांत लक्षणं असलेला कोविड बीसीजी गटात १४.७ टक्के, दुसऱ्या गटात १२.३ टक्के. नेदरलँड्समधल्या १,५११ आरोग्य कर्मचाऱ्यांत गैरहजेरी कमी झाली नाही. तिथल्याच ६,११२ सहव्याधी असलेल्या वृद्धांत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या १,००० कर्मचाऱ्यांत संरक्षण दिसलं नाही. ग्रीसच्या चाचणीत माणसं दोनशेच्या आत होती, इथे हजारो आहेत. शिवाय तिथे मोजलेले संसर्ग कोविडचे नव्हते.

दंडावरचा व्रण

@आकडेतपासणी, हे निकाल मी नाकारत नाही. पण ‘बीसीजी’ हे एकाच वस्तूचं नाव नाही. डॅनिश, रशियन आणि तोकियो-१७२ हे वाण जनुकीयदृष्ट्या वेगळे आहेत. एका मात्रेतले जिवंत जंतूही सारखे नसतात. मात्रा किती दिल्या हेही बघा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या चाचणीत टाइप-१ मधुमेहींना तोकियो वाणाच्या अनेक मात्रा कोविड येण्याच्या बऱ्याच आधी देऊन झाल्या होत्या. तिथे कोविड बीसीजी गटात १ टक्का आणि दुसऱ्या गटात १२.५ टक्के होता. ब्रेसमध्ये एकच मात्रा दिली आणि लगेच मोजायला सुरुवात केली.

आकडेतपासणी

त्या टक्क्यांमागची माणसं मोजा. ९६ पैकी १ आणि ४८ पैकी ६. सगळे मिळून सात रुग्ण! दोन-तीन जणांनी इकडचं तिकडे केलं असतं तर निष्कर्ष बदलला असता. आणि तुमचाच युक्तिवाद तुमच्यावर उलटतो. परिणाम दिसायला अनेक मात्रा आणि कित्येक महिने लागत असतील, तर ‘पहिल्या आठवड्यापासून बीसीजी’ ही कल्पनाच कोसळते.

आणखी एक दोष सहसा कुणी बोलत नाही. बीसीजीची चाचणी खऱ्या अर्थाने आंधळी, म्हणजे कुणाला काय टोचलं हे लपवून, ठेवता येत नाही. दोन ते सहा आठवड्यांत दंडावर गाठ येते, ती फुटते, व्रण राहतो. सलाइन टोचलेल्याला काहीच होत नाही. आपल्याला लस मिळाली हे माणसाला कळतं आणि ‘ताप आला का’ या प्रश्नाचं उत्तर त्याप्रमाणे बदलतं. म्हणून स्वतः सांगितलेल्या लक्षणांवर बेतलेले छोटे चांगले निकाल मी बाजूला ठेवतो.

शीतपेटी

दोघांनीही प्रत्यक्ष टोचणीचा विचार केलेला नाही. बीसीजी गोठवून सुकवलेली येते आणि सोबतच्या सलाइननेच विरघळवावी लागते. गोवराच्या लसीचं पाणी चुकून वापरलं तर ती कुपी फेकायची. विरघळवल्यावर चार तास, पुढे नाही. यात जंतुरोधक नसतो, त्यामुळे इतर काही लसींसारखी उघडी कुपी उद्यासाठी ठेवता येत नाही. उजेडानेही जंतू मरतात.

मोठ्या माणसाला ०.१ मिली, तीही त्वचेच्या आत. सुई जवळजवळ आडवी धरायची, भोक वर, आणि पाच मिलिमीटरची संत्र्याच्या सालीसारखी फुगी आली पाहिजे. फुगी आली नाही म्हणजे लस त्वचेखाली गेली. मग गळू होतं, काखेत गाठी येतात. दंडात सरळ सुई घुसवण्याची सवय झालेल्या हाताला हे लगेच जमत नाही. गरोदर स्त्रिया, एचआयव्हीबाधित, रक्ताचा कर्करोग असलेले आणि मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेणारे यांना ही जिवंत लस द्यायची नाही. साथीच्या गर्दीत ही चाळणी कोण लावणार?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साठा. बीसीजीचे जंतू संथ वाढतात, उत्पादन आठवड्यात दुप्पट होत नाही. मोठ्यांसाठी उघडलेली प्रत्येक कुपी नवजात बाळाच्या वाट्याची असते. बाळाला ती मेंदूच्या क्षयापासून वाचवते, आणि हा फायदा सिद्ध झालेला आहे.

वंशवेल

धाग्याचा प्रश्नच बीसीजीपुरता आक्रसला आहे. जुनी लस नव्या विषाणूला चालेल का, हे दोघांचं नातं किती जवळचं यावर ठरतं.

देवीची लस घ्या. ती मुळात देवीच्या विषाणूची नव्हतीच, तिच्यात त्याचा चुलतभाऊ व्हॅक्सिनिया होता. हे सगळं कुळ एकमेकांशी इतकं मिळतंजुळतं की १९८० च्या दशकात झाईरमध्ये (आताचं काँगो) मंकीपॉक्सच्या, म्हणजे आताच्या एमपॉक्सच्या, रुग्णांच्या सहवासातल्या लोकांत देवीची जुनी लस सुमारे ८५ टक्के संरक्षक ठरली. २०२२ च्या एमपॉक्स साथीत देवीसाठी साठवलेली एमव्हीए लस थेट वापरात आली. तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत ०.५ मिलीऐवजी ०.१ मिली त्वचेत देऊन एका कुपीत पाच जणांपर्यंत भागवलं.

उलट उदाहरण २००९ च्या एच१एन१चं, म्हणजे स्वाइन फ्लूचं. भारतातला पहिला मृत्यू पुण्यात ऑगस्टमध्ये झाला. हंगामी फ्लूच्या लसीतही ‘एच१एन१’ होताच, पण नाव एक आणि वंश वेगळा. अमेरिकेतल्या तपासणीत हंगामी लस घेतलेल्या मुलांत नव्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं वाढलीच नाहीत. साठीपुढच्या ३३ टक्के लोकांत मात्र ती आधीपासून होती, कारण त्यांच्या बालपणीचा फ्लू या नव्या विषाणूला जवळचा होता. कॅनडात तर आदल्या वर्षी हंगामी लस घेतलेल्यांत डॉक्टरकडे जावं लागण्याचं प्रमाण जास्त आढळलं. ‘असू दे, घेऊन ठेवू, नुकसान तर नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

छातीचा वॉर्ड

@वंशवेल, नात्याचा मुद्दा बरोबर आहे, पण एक दार उघडं राहिलं. माणूस विषाणूनेच मरतो असं नाही. १९१८ च्या साथीत बहुतेक मृत्यू नंतरच्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, हे जपून ठेवलेल्या फुप्फुसांच्या नमुन्यांतून दिसलं आहे. फ्लूने श्वासनलिकेचं अस्तर सोलवटलं की घशात शांत बसलेला न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जिवाणू खाली उतरतो. दक्षिण आफ्रिकेत न्यूमोकोकसची लस दिलेल्या मुलांत विषाणूशी निगडित न्यूमोनियाची भरती ३१ टक्क्यांनी कमी झाली (२००४). विषाणूला हातही न लावता! साथ फ्लूची असेल तर वृद्धांना आणि मधुमेहींना ही लस आधीच दिलेली असणं मला बीसीजीपेक्षा कितीतरी भरवशाचं वाटतं. कोविडमध्ये सुरुवातीला असा जिवाणूसंसर्ग कमी होता, त्यामुळे तिथे हा फायदा एवढा मिळाला नसता.

दंडावरचा व्रण

@शीतपेटी, साठ्याचा मुद्दा मान्य. बाळांच्या कुप्यांना हात लावायचा नाही, ही अट मी माझ्या प्रस्तावात घालतो. पण २०२४ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत क्षयासाठी प्रौढांना बीसीजी दिली गेली : साठीपुढचे, मधुमेही, क्षयरुग्णाच्या घरातले. नावं आणि तारखा नोंदलेल्या आहेत. पुढची साथ आली तर कुपी न उघडताही उत्तर मिळेल.

आकडेतपासणी

नोंदीतून उत्तर मिळणार नाही. स्वतःहून लस घ्यायला येणारा मधुमेही औषधं वेळेवर घेतो, मास्कही लावतो. तो कमी आजारी पडला तर श्रेय कुणाचं? चिठ्ठी टाकून गट पाडायला हवेत. त्याचा आराखडा, नैतिक समितीची मंजुरी आणि प्रयोगशाळेत तपासलेला संसर्ग हाच निकष, हे सगळं साथ येण्याआधी कागदावर तयार हवं. नोंदणी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावी. अशा चाचणीला माझा पाठिंबा आहे. चाचणीबाहेर एकही मात्रा देण्याला नाही.