मदत हवी आहे: कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज आणि तारखांचा न जुळणारा ताळा

नमस्कार. मी सोलापूरचा रहिवासी असून एका यंत्रमाग कारखान्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो आहे. माझी मुलगी 2019 पासून टोरोंटोला आहे. आधी शिक्षणासाठी, मग कामाच्या परवान्यावर आणि 14 जून 2023 पासून कायम रहिवासी म्हणून. 1 नोव्हेंबर 2025 रोजी नागरिकत्वाच्या अर्जावर सही करायचा तिचा विचार आहे. गेल्या पाच वर्षांत ती कॅनडाबाहेर केव्हा आणि किती दिवस होती याची यादी अर्जात द्यावी लागते. तिचे बहुतेक प्रवास सोलापूरलाच झालेले आणि जुना पासपोर्टही आमच्याच कपाटात, म्हणून ही यादी करण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले. जन्मभर रोजमेळ लिहिलेल्या माणसाला हे तासाभराचे काम वाटले होते. आज आठवा दिवस आहे.

नियम मला समजला तो असा. सहीच्या आधीच्या पाच वर्षांत किमान 1,095 दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहिलेले असावे लागतात. कायम रहिवासी झाल्यानंतरचा दिवस पूर्ण धरतात, त्याआधी परवान्यावर काढलेला दिवस अर्धा धरतात, आणि त्या अर्ध्यांची बेरीज कितीही झाली तरी 365 च्या वर जमा होत नाही. त्यानुसार 14 जून 2023 पासून 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 871 दिवस होतात.

घोळ वजाबाकीत आहे. पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी मुलगी 2024 च्या जानेवारीत आली होती. आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी 12 जानेवारीला ‘आली’ आणि 22 मार्चला ‘गेली’ असे लिहून ठेवले आहे. हे दोन्ही दिवस धरून 71 दिवस होतात. पासपोर्टवर मुंबईचे शिक्के 11 जानेवारी आणि 23 मार्चचे आहेत, म्हणजे 73. ती टोरोंटोहून निघाली मात्र 9 जानेवारीच्या रात्री. मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरली, दिवसभर मावशीकडे थांबली आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूरला आली. जाताना 22 मार्चच्या रात्री सिद्धेश्वरने निघाली, 23 तारखेला उशिरा विमानतळावर शिक्का बसला, विमान सुटेपर्यंत 24 तारीख उजाडली, आणि घड्याळ साडेनऊ तास मागे गेल्यामुळे ती 24 तारखेलाच दुपारी टोरोंटोत पोहोचली. एकाच प्रवासाच्या तीन वह्या आणि तीन बेरजा! यांतली कोणती खरी धरायची, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रवास गड्ड्याच्या यात्रेसाठीचा आहे, 2 जानेवारी ते 4 फेब्रुवारी 2025. त्याची तिकिटे हाताशी असल्याने त्याबद्दल शंका नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मुलाच्या लग्नासाठी ती 2021 च्या डिसेंबरात आली होती. तेव्हाची तिकिटे महाविद्यालयाने दिलेल्या ईमेलवर आली होती, आणि शिक्षण संपल्यावर ते खाते बंद झाले. जुन्या पासपोर्टवरचा परतीचा शिक्का असा फिसकटला आहे की तारीख 21 जानेवारी आहे की 27, हे भिंगातूनही ठरत नाही. ज्या एजंटाने तिकीट काढले त्याचे दुकान आता नाही. अंदाजाने तारीख घालावी असे एका परिचिताने सुचवले, पण ते माझ्या मनाला पटत नाही.

तिसरे, मैत्रिणींबरोबर सकाळी सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोला जाऊन रात्री परत येणे असे तीन-चार वेळा झाले आहे. त्याचीही नोंद करावी लागते का?

प्रतिसाद:

काका, मी हा अर्ज दोन वर्षांपूर्वी केला आहे, त्यामुळे अनुभवावरून लिहितो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तिथल्या खात्याला आपल्या मुलीने भारतात किती दिवस काढले हे नको आहे, कॅनडाबाहेर किती काढले हे हवे आहे. म्हणून टोरोंटो सोडल्याची आणि टोरोंटोत उतरल्याची तारीख घालावी. हे दोन्ही दिवस कॅनडात राहिल्याचेच धरतात, त्यामुळे 10 जानेवारी ते 23 मार्च असे 74 दिवस वजा होतील. यात्रेच्या प्रवासाचे 32. म्हणजे 871 मधून 106 जाऊन 765, त्यात आधीचे 365 मिळवून 1,130. शिल्लक 35 दिवस.

लग्नाचा प्रवास कायम रहिवासी होण्याआधीचा आहे. त्या काळातले अर्धे दिवस, तो प्रवास वगळूनही, 365 च्या बरेच वर जातात, तेव्हा 21 की 27 याने बेरजेत काहीच फरक पडत नाही. तरीही अंदाजाची तारीख घालू नये, कारण अर्जात खोटी माहिती आढळली तर पाच वर्षे नागरिकत्व मिळण्यास बंदी येऊ शकते. कॅनडाच्या सीमा सेवा खात्याकडे मुलीने स्वतःच्या प्रवासाच्या इतिहासाची मागणी करावी. परत आल्याची तारीख त्यात मिळेल. तोवर त्या आठवड्यातले तिचे बँकेचे विवरण पाहावे. टोरोंटोतल्या दुकानात कार्ड कोणत्या दिवशी पहिल्यांदा चालले एवढे कळले तरी 21 की 27 याचा उलगडा होतो.

बफेलोच्या फेऱ्या यादीत घालाव्यात. त्याच दिवशी परत आल्यामुळे एकही दिवस वजा होत नाही, पण नोंद हवी. अमेरिकेच्या आय-94 संकेतस्थळावर तिच्या तिथल्या ये-जा करण्याच्या तारखा तपासता येतील. 35 दिवसांची शिल्लक कमी वाटत असेल तर सही महिनाभर पुढे ढकला: नव्या महिन्याचे 30 दिवस पूर्ण जमा होतील आणि मागचे जे अर्धे गळतील ते 365 च्या वरचेच असल्याने तोटा होणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. मागचे अर्धे दिवस गळूनही तोटा होत नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी वहीत ताळा करून पाहिला: लग्नाच्या प्रवासाचे सहा आठवडे वजा करूनही ती बेरीज 456 होते. मुलीशी बोलून सही 1 डिसेंबरला करायचे ठरवले आहे, आणि प्रवासाच्या इतिहासाची मागणी तिने आज सकाळीच पाठवली. जुना पासपोर्ट मूळ प्रतीतच तपासणीला मागू शकतात असे तिला कळले, म्हणून तो कपाटातून काढून ठेवला आहे. पोस्टाने पाठवण्याचा धीर होत नाही. पुढच्या महिन्यात तिकडे जाणारे कोणी ओळखीचे सापडते का, ते पाहतो आहे.