‘चाइल्डफ्री’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादात एका वाक्याशी अडले आहे. लेखिका म्हणते, मी ‘चाइल्डलेस’ नाही, ‘चाइल्डफ्री’ आहे; म्हणजे मूल नाही ते स्वेच्छेने. पहिल्याला ‘अपत्यहीन’ लिहिलं. दुसऱ्याला संपादकांनी ‘अपत्यमुक्त’ सुचवलंय, ते मला फार खटकतं. कर्जमुक्त, व्यसनमुक्त, रोगमुक्त... या रांगेत मूल बसवायचं?

— खटकू दे की! मूळ शब्दातही सुटकेची छटा आहेच. केअरलेस म्हणजे निष्काळजी, केअरफ्री म्हणजे निश्चिंत. काळजी दोघांनाही नाही, पण एकावर आपण चिडतो आणि दुसऱ्याचा हेवा करतो.

— ‘लेस’ म्हणजे उणीवच, हे पटत नाही. फिअरलेस (निर्भय), टायरलेस (अथक), फ्लॉलेस (निर्दोष) ही तर शाबासकी आहे. काय नाही, त्यावर सगळं ठरतं. मराठीतला ‘हीन’ मात्र हिणवतोच. म्हणून आधी ‘अपत्यहीन’ काढा, साधं ‘मूल नसलेली’ लिहा.

— या ‘लेस’चा ‘कमी’शी संबंध नाही, हेही लक्षात असू द्या. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘विरहित’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलाय. जर्मनमधला ‘लोस’ त्याचाच भाऊबंद. ‘शुगरलेस’ला ‘कमी साखरेचं’ म्हणणं साफ चूक.

— हीन, मुक्त, रहित ही जड शेपटं हवीत कशाला? बिनचूक, बिनतक्रार, बिनविरोध म्हणतो ना आपण? ‘बिनमुलाची’ करा.

— ‘बिनलग्नाची’ ऐकलंय, ‘बिनमुलाची’ कधीच नाही. निदान फारसी ‘बे’ तरी आणू नका. संस्कृत शब्दाला तो लावणं म्हणजे भेसळ.

— मग बेसूर आणि बेताल या शब्दांचं काय करणार? सूर, ताल आपले, ‘बे’ फारसी. गाणाऱ्यांनी हे शब्द कधीच आपलेसे केलेत. शुद्धीच्या नावाखाली रुळलेले शब्द हाकलू नयेत.

— रूथलेस, म्हणजे निर्दय, हा शब्द घ्या. ‘रूथ’ म्हणजे दया. आज तो शब्द कोणी सुटा वापरत नाही. आपला ‘निर्घृण’ अगदी तसाच! संस्कृतात घृणा म्हणजे करुणाही. मराठीत घृणेचा अर्थ किळस एवढाच उरला, पण ‘निर्घृण खून’ म्हणताना जुनी करुणाच गैरहजर असते.

— वा, हे माहीत नव्हतं. पण माझ्या ‘चाइल्डफ्री’चं काय? ‘स्वेच्छेने मूल न होऊ दिलेली’ हे वाक्यात मावत नाही.

— ‘निर्भीड’मधली भीड मात्र अजून सुटीही वापरतो, नाही का? भीड चेपते, भीड पडते. असे दोन्हीकडे जिवंत असलेले शब्द आणखी कोणाला आठवतात?