'शंभर जुळी' म्हणजे बाळे किती?

प्रश्न : जुळ्यांच्या गरोदरपणावरील एका वैद्यकीय चाचणीचे माहितीपत्रक मराठीत आणण्याचे काम नुकतेच माझ्याकडे आले. त्यात मी लिहिले, 'या अभ्यासात १०० जुळी सहभागी होतील.' येथे बडोद्यात, रावपुऱ्यातील एका गरोदर मुलीला ते वाचून दाखवताना शेजारी बसलेल्या तिच्या सासूबाईंनी विचारले, "म्हणजे बायका पन्नास, की शंभर?" मूळ मजकुरात शंभर बाळे अभिप्रेत होती. चूक वाक्याची, की ऐकणाऱ्याची?

उत्तर : वाक्याची. 'जुळे' हे नपुंसकलिंगी नाम मुळात जोडीचे आहे. 'तिला जुळे झाले' असे आपण एकवचनात म्हणतो आणि त्यात दोन्ही बाळे येतात. या हिशेबाने १०० जुळी म्हणजे २०० बाळे. 'जुळा भाऊ', 'जुळी मुले' यांत मात्र तोच शब्द विशेषण होऊन एकेका मुलाला लागतो, आणि पुढचे नाम गाळले की 'शंभर जुळी' कोणत्याही बाजूला ओढता येते. 'जावळा' हा जुना शब्द एकट्या मुलासाठी वापरता आला असता, पण आज तो ऐकून बाळाचे जावळच आठवेल.

हा नुसता व्याकरणाचा कीस नव्हे, कारण अशा चाचण्यांची आखणी करणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो. जुळी बाळे एकाच गर्भाशयात वाढतात आणि बहुधा एकाच दिवशी जन्मतात. प्रसूती मुदतीआधी झाली, तर अपुऱ्या दिवसांचा त्रास दोघांनाही होण्याचा संभव असतो. म्हणून जुळ्यांतील २०० बाळांकडून मिळणारी माहिती २०० वेगवेगळ्या घरांतील बाळांइतकी धरता येत नाही. दोघांची प्रकृती प्रत्येक वेळी तंतोतंत सारखी निघाली, तर ती माहिती १०० बाळांच्याच तोलाची ठरेल. साम्य जितके कमी, तितका आकडा २०० कडे सरकेल. हे साम्य हिशेबात न धरता सगळी बाळे सुटी मोजली, तर निष्कर्ष आहे त्यापेक्षा पक्का भासतो.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ देशांतील एका चाचणीत जुळी बाळे पोटात असलेल्या, ३२ ते ३८ आठवड्यांच्या गरोदर आणि पहिल्या बाळाचे डोके खाली असलेल्या २८०४ स्त्रिया होत्या. नियोजित शस्त्रक्रिया की नियोजित नैसर्गिक प्रसूती, हे आईगणिक ठरले; मृत्यू किंवा गंभीर आजार मात्र बाळागणिक मोजले गेले. ते अनुक्रमे २.२ आणि १.९ टक्के निघाले, म्हणजे लक्षणीय फरक आढळला नाही. हे टक्के बाळांचे आहेत, आयांचे नव्हेत. मराठी बातमीत 'इतके टक्के जुळी' असे छापले, तर ते कळायला मार्ग उरत नाही.

पुरवणी : त्याच पत्रकात 'एकाच नाळेची जुळी' असेही असेल, तर तेही सुधारावे. नाळ प्रत्येक बाळाची वेगळी असते, सामाईक असू शकते ती वार, म्हणजे गर्भाशयाला चिकटलेला, नाळेवाटे बाळाला पोषण पुरवणारा अवयव. एकाच वारेवर वाढणाऱ्या बाळांत रक्ताची असमान वाटणी होण्याचा धोका असल्यामुळे त्यांची नोंद चाचणीत वेगळी ठेवणे इष्ट असते. आपल्याकडे घरोघरी गुजराती बोलली जाते आणि तिच्यात वारेला 'ओर' म्हणतात, म्हणून की काय, 'वार' हा शब्द दांडिया बाजारातल्या तरुण मुलींनाही सांगावा लागतो. तरी तो सोडू नये.

प्रश्नकर्ता : दोन्ही सुधारणा मान्य. वाक्य आता असे केले आहे : 'जुळी बाळे पोटात असलेल्या ५० स्त्रिया या अभ्यासात सहभागी होतील आणि त्यांच्या १०० बाळांची प्रकृती जन्मानंतर २८ दिवस पाहिली जाईल.' सासूबाईंना ते पटले. त्यांनी पुढे एवढेच विचारले, की 'यादृच्छिक विभागणी' म्हणजे कोणी कोणत्या गटात जायचे यासाठी चिठ्ठी टाकणेच ना, आणि ती दोन्ही बाळांची मिळून एकच ना. तेथेही मी आता 'चिठ्ठी आईच्या नावाने निघेल' असे लिहिले आहे.