भीमथडी घोडी घ्यायचीय, अस्सल कशी ओळखायची?

माळरान_दौंड:
नमस्कार मंडळी. दौंडकडं शेती आहे आमची, बरेच दिवस मनात आहे की एखादी भीमथडी घोडी दारात असावी. रेस नको, नाचकाम नको, लग्नाची वरात पण नको. पोरांना बसायला आणि पुढं शिंगरं झाली तर आपल्या भागातली जात आपल्याकडं टिकावी एवढंच. मागं बाजारात एका व्यापाऱ्यानं "ओरिजनल भीमथडी" म्हणून एक घोडी दाखवली, पण ती चांगली उंच होती आणि कानाची टोकं आत वळून जवळजवळ एकमेकांना टेकत होती, किंमत पण तशीच तगडी सांगत होता, मला काही पटेना म्हणून सोडून दिली. रानात मेंढरं बसवायला धनगरांचे वाडे (फिरते तांडे) येतात त्यांच्याकडची घोडी एकदम वेगळी दिसतात, बुटकी आणि काटक. मग खरी भीमथडी ती का? रंगावरून कळतं का? आणि मिळणार कुठं?

टाच_आणि_लगाम:
दादा सोडून दिली ते बेस्ट केलं. आत वळलेले, टोकाला टोक लागणारे कान ही मारवाडी-काठियावाडी जातींची खूण आहे, भीमथडीचा कान छोटा, सरळ उभा असतो. उंची खांद्यापाशी धरायची, डोक्यापाशी नाही, आणि तिथं साधारण सव्वाचार फूट भरते, म्हणजे घोडेवाल्यांच्या मापात १३ हातांच्या आसपास (त्यांचा हात म्हणजे चार इंच). पाय आखूड पण हाड जाड, छाती भरलेली, पाठ छोटी, खूर लहान आणि दगडासारखे कडक, कित्येक घोड्यांना आयुष्यात नाल लागत नाही. रंगावर अजिबात जाऊ नका, तांबडी, कुमैत, पांढरी, काळपट सगळी दिसतात, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंड पांढरं) असली तर व्यापारी भाव वाढवून सांगतो पण त्याचा जातीशी काही संबंध नाही. माझं विचाराल तर मी आधी चाल बघतो. दगडगोट्याच्या उतारावर घोडी हातात न धरता मोकळी सोडा आणि बघा पाय कुठं टाकते. यातली चांगली घोडी मान खाली घालून, स्वतःची वाट स्वतः शोधत जाते, उंच जातीची घोडी तिथं अडखळते नाहीतर घाई करते.

वाघर_आणि_पाल:
आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ही घोडी हायेत म्हणून लिहितो. दसरा-दिवाळी झाली की वाडा कोकणाकडं निघतो, मेंढरं घिऊन बापे मागनं आणि बिऱ्हाड लादलेली घोडी घिऊन बाया म्होरं. घोडीवर काय काय असतं सांगू का, पाल, वाघर (मेंढरांभवती लावायची जाळी), पीठमीठ, भांडी, पाण्याची घागर, कोंबड्यांची डालगी, वरनं कालपरवा जन्मलेली कोकरं झोळीत आणि कधीकधी पोरगं पण. लादायची पण एक रीत हाय, दोन्हीकडचं वजन सारखं नसलं तर घोडी दोन पावलं टाकून थांबती, म्हातारी बाई उगं हातानं उचलून बघून सांगती की उजवीकडं जरा जड झालंय. घाट उतरताना दोरी कुणी धरत नाय. मुक्कामाला पोचलं की ओझं काढायचं, पुढच्या पायांना पायबंद घालायचा आणि सोडून द्यायची, ती तिचं तिचं चरती. हरभरा-बिरभरा तिला कुणी दाखवत नाय, माळावरच्या वाळल्या गवतावर निघती. आता पोरांनी पिकअप घेतल्यात, बिऱ्हाड टेंपोनं जातं, काही वाड्यांत घोडीच राहिली नाहीत. ह्याचं मला लय वाईट वाटतं.

जुनी_बखर:
वरच्या भाऊंनी दसऱ्याचं लिहिलं त्यावरून आठवलं, मराठी फौजा पण दसऱ्याला शिलंगण करून मुलूखगिरीला निघायच्या आणि पावसाळ्याआधी छावणीला परत यायच्या, म्हणजे घोडं आणि हंगाम दोन्ही तेच. थडी म्हणजे नदीकाठ, भीमेच्या काठचा हा पट्टा, इंग्रजांच्या काळात तर पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता आणि त्याचं ठाणं बारामतीला. नीरा आणि माण नदीचा काठ पण घोड्यांसाठी नावाजलेला. चौल, दाभोळ अशा बंदरांतून अरबी घोडी दख्खनमध्ये यायची, त्यांचं रक्त इथल्या तट्टांत मिसळत गेलं आणि हलकं, कमी खाणारं, लांब पल्ला मारणारं जनावर तयार झालं. बारगिराला घोडा सरकारी मिळायचा, शिलेदार स्वतःचा आणायचा, त्यामुळे खेड्याखेड्यात लोक चांगली घोडी राखून असायचे. १८१८ ला राज्य गेलं, फौजा मोडल्या, गिऱ्हाईकच संपलं. इंग्रजांना मोठा घोडा पाहिजे होता, त्यांनी ऑस्ट्रेलियातून वेलर जातीचे घोडे मागवले. मधल्या काळात ही जात संपली असं लिहिलं पण जायचं, आणि इकडं धनगरांच्या वाड्यावर ती रोज ओझी वाहत होती! २०२३-२४ मध्ये कर्नालच्या पशु आनुवंशिक संस्थेकडे तिची नोंद झाली, तोवर मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया आणि कच्छी-सिंधी या सातच जाती नोंदलेल्या होत्या. पशुगणनेत देशातली एकूण घोडी-तट्टं २०१२ ला सव्वासहा लाख होती ती २०१९ ला साडेतीन लाखांच्या आत आली, त्यामुळे नोंद झाली म्हणून निवांत बसायची वेळ नाही.

माळरान_दौंड:
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. अजून एक विचारतो, गावातले एकजण म्हणतात की घोडी भीमथडी घे आणि मारवाडी घोडा दाखव, शिंगरू उंच होईल आणि पैसे पण चांगले येतील. करावं का? आणि खायला काय घालू, आमच्याकडं ऊस आणि लसूणघास भरपूर आहे.

गुरांचा_डॉक्टर:
मारवाडी दाखवू नका हो, कळकळीनं सांगतो. शिंगराचा जन्माच्या वेळचा आकार बराचसा घोडीवर ठरतो त्यामुळे घोडी विताना अडेलच असं नाही, ११ महिन्यांनी शिंगरू होईल पण, फक्त ते भीमथडी नसेल, आणि अशी तीन-चार शिंगरं झाली की तुमच्या दारातली जात संपली. वाड्यावरचाच चांगल्या पायाचा घोडा बघा, फक्त घोडीचा सख्खा भाऊ नाहीतर बाप नाही ना एवढं विचारून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर तुमची खरी अडचण तिथंच आहे. जे जनावर वाळल्या गवतावर रोज मैलोनमैल चालायचं त्याला बांधून ठेवून ऊस, घास, वर पेंड आणि चंदी (दाणा) घातली तर मान चरबीनं ताठ होते आणि खुराच्या आत सूज येते, लॅमिनायटिस म्हणतात, मग घोडी पुढचे पाय पुढं ताणून, मागं रेलून उभी राहते आणि पाऊल टाकायला मागत नाही. वाळलं गवत मुख्य, घास मूठभर, ऊस नकोच, आणि रोज चालवा. विकत घेण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या, खात्रीची तपासणी हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात होते, तुमच्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्यातून नमुना पाठवता येतो. हा रोग माणसाला होतो आणि जनावर पॉझिटिव्ह आलं तर ठेवता येत नाही. धनुर्वाताची लस चुकवू नका, खिळा लागून घोडी दगावलेली पाहिलीत. पावसाळ्यानंतर गोमाश्या वाढल्या आणि ताप येऊन-जाऊन राहिला, पोटाखाली सूज दिसली तर सर्रा नावाचा आजार असू शकतो, उशीर करू नका.

वाघर_आणि_पाल:
डागदर बरोबर बोलले. बाजारात नका हिंडू, तिथं बाहेरची घोडी जास्त. पावसाच्या आधी वाडे परत वर चढतात तवा वाड्यावर या. कामाची घोडी कुणी इकणार नाय, तिच्यावर बिऱ्हाड हाय, पण शिंगरू मागा. आई डोळ्यांनी बघा, बाप कुठल्या वाड्यावरचा ते विचारा, म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांला घोडीची आजीसुद्धा म्हाईत असती. शिंगरू आईचं दूध सुटल्याबिगर उचलू नका. आणि आमचा वाडा सुप्याच्या बाजूनं जातो, तुमच्या रानात दोन रात्री मेंढरं बसवायला जागा असंल तर तिथंच या घोडी बघायला.

माळरान_दौंड:
जागा आहे भाऊ, ज्वारीचं रान मोकळंच असतं तेव्हा. मेसेज करतो.